एका धुनेत अडकलेली माणसं

मी ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही. विमानतळसुद्धा पाहिलेला नाही. रोह्याहून गाडीने पेणला उतरायचं आणि तिथून रिक्षाने खाडीकाठच्या मामाच्या गावी जायचं, एवढाच माझा नेहमीचा प्रवास. तरी एका ऑस्ट्रेलियन बँडचा सगळा इतिहास मला पाठ आहे. कोण कधी आला, कोण का गेला, कुठल्या गाण्याने त्यांना वर नेलं आणि त्याच गाण्याने कसं बांधून घातलं, हे सगळं मी एका वहीत लिहून काढलं होतं. त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. मामाचंही नाही. नाव लिहिलं की लोक शोधायला जातात, आणि मला जे सांगायचं आहे ते तिथे सापडणार नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. तिसऱ्या वर्षाला समाजशास्त्राच्या मॅडमनी प्रकल्प दिला. त्या म्हणाल्या, "एखादा गट निवडा. तो कसा जमतो, कसा टिकतो, कसा मोडतो, ते लिहा. आणि बचत गट नको. मागच्या वर्षी अर्ध्या वर्गाने बचत गट केला, मला आता वाचवत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर लगेच मामाची, हळदी-लग्नांत वाजवणारी बेंजो पार्टी आली. दुसरा कुठला गट मला आतून माहीतच नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, बँड."

मागच्या बाकावरून आवाज आला, "लग्नातला का रे? तुझ्या मामाचा?"

वर्ग हसला. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता, हे आज कळतं. पण त्या वेळी माझे कान तापले आणि मी म्हणालो, "नाही. ऑस्ट्रेलियातला."

मग नाव विचारलं गेलं. सुदैवाने म्हणा किंवा दुर्दैवाने, एक नाव माझ्या तोंडात तयार होतं. आठवडाभर आधी मी फोनवर कीबोर्डचे धडे बघत होतो. धडा संपला आणि पुढचं काहीतरी आपोआप सुरू झालं. चार माणसं, मागे पत्र्याची शेड, आणि गिटारचा एक तुकडा, जो ऐकून मी उठूनच बसलो. तो आवाज हुबेहूब आमच्या बेंजोसारखा होता. तारेवर कापत जाणारा, थोडा किनरा, कानात राहणारा. तेव्हापासून मी त्यांचं तेच एक गाणं ऐकत होतो. दुसरं कुठलंही नाही.

मॅडमना आनंद झाला. त्यांनी फळ्यावर 'पर्यायी रॉक' असं लिहिलं आणि समजावलं, की मोठ्या कंपन्यांच्या ठरलेल्या वाटेने न जाता, लहान जागी, आपल्या मनाने वाजवणाऱ्यांचं हे संगीत. विषय नोंदवला गेला. मी बाकावर बसलो. मामाला आपण नाकारलं, हे मला तेव्हाच कळलं होतं, पण नोंदवलेला विषय बदलायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आता मामाच्या पार्टीबद्दल सांगायला हवं. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. आमच्या भागातल्या हळदीला बेंजो नसेल तर ती हळद लोक धरत नाहीत. मामा तरुणपणी मिठागरावर होता. तिथेच त्याने एक धून बांधली. तिला शब्द नाहीत. पण हळदीत ती वाजली की बसलेली म्हातारी माणसंही उठतात. पुढे कुणीतरी ती फोनवर रेकॉर्ड केली आणि ती पेण तालुक्यात, रोह्यापर्यंत पसरली. लोक पार्टीचं नाव विसरले. "ती धूनवाली पार्टी" असंच म्हणू लागले.

मामाची बोटं संधिवाताने वाकली तेव्हा ती धून वाजवणारा दुसरा एकच माणूस होता, तो मी. मामाचा मुलगा, माझा दादा, तालाचं इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवतो. तो धाटावला शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टी जुळवून हळदीला येतो. त्याचा हात तालाचा. सुरांवर तो बसत नाही. मला मामाने आठवीपासून समोर बसवून शिकवलं होतं. एखाद्या हळदीत ती धून चार वेळा वाजायची, कधी सहा वेळा. कारण हळदीत नवरदेवाच्या मामाने केलेली फर्माईश मोडायची नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि नवरदेवाचे सगळे मामा एकच फर्माईश करतात.

प्रकल्पासाठी मी बँडच्या मुलाखती बघायला लागलो. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. बोललेलं समजायला मी व्हिडिओचा वेग निम्मा करायचो. चौघेजण दारू प्यायल्यासारखे लांबलांब बोलायचे आणि मी वहीत लिहून घ्यायचो. वडील पहिल्या शिफ्टहून आले की माझ्या मागे उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "आजारी हायत का ही मानसं?"

चौघे समुद्रकाठच्या एका गावातले. तिथे पोलादाचा कारखाना, कोळशाचं बंदर. गाव छोटं, धूर मोठा. वाचताना मला धाटावच दिसायचं. ड्रम वाजवणारा कारखान्यात शिफ्टला होता, म्हणून सरावाची वेळ त्याच्या शिफ्टवरून ठरायची. त्याच्या बापाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते वाजवायचे आणि उन्हाळ्यात इतकं तापायचं की गिटारच्या तारा उतरायच्या. कितीतरी वर्षं ते दारूच्या गुत्त्यांमध्ये वाजवत फिरले. समोर बसलेल्यांचं लक्ष टीव्हीवरच्या खेळाकडे. असं वाचलं की मला लग्नपत्रिकेत नाव नसलेल्या आमच्या पार्टीची आठवण यायची.

मग एकदा त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत गिटार वाजवणाऱ्याने मागच्या सीटवर बसून एक तुकडा जुळवला. तेच ते गाणं. रेकॉर्डमध्ये घ्यायचं की नाही यावर त्यांचं एकमत नव्हतं. जागा उरली म्हणून घेतलं. आणि तेच सगळीकडे वाजलं.

पहिलं वर्ष त्यांना मजा आली, असं चौघेही सांगतात. पुढे त्यांनी दुसरी रेकॉर्ड केली, तिसरी केली. लोक नवीन गाण्यांच्या वेळी आपसांत गप्पा मारायचे आणि ते एक गाणं लागलं की हात वर करायचे. एकदा वैतागून त्यांनी ते गाणं सुरुवातीलाच वाजवून टाकलं. अर्धा हॉल उठून गेला. त्यानंतर काही वर्षांनी गिटारवाला बँड सोडून गेला. भांडण नाही, काही नाही. एक चिठ्ठी ठेवून सकाळी निघून गेला. तो का गेला हे त्याने कुठेच सांगितलेलं नव्हतं. मी खूप शोधलं.

मामाला मी एकदा त्या गिटारवाल्याचा, बँडमधल्या शेवटच्या वर्षांमधला व्हिडिओ दाखवला. मामा अंगणात पाटावर बसून बघत होता. थोडं बघून म्हणाला, "ह्यो जानार."

"तुला कसं कळलं?"

"हाताकडं बघतोय नुसता. वाजवनारा सोताच्या हाताकडं बघाया लागला ना, का समजायचं कटाळलाय."

मी फोन बंद केला. त्या दिवसांत मीही हाताकडेच बघून वाजवत होतो. मामाच्या लक्षात आलं होतं का, हे विचारायची मला भीती वाटली.

कंटाळा हा शब्द पुरेसा नाही. मला ती धून आवडायची, आजही आवडते. पण तिच्यापलीकडे मला काही करायचं होतं, आणि तिच्यातून मला बाहेर पडता येत नव्हतं. हळद ठरवायला लोक येतात तेव्हा नारळ घेऊन येतात. पार्टीने नारळ हातात घेतला की शब्द दिला गेला. मग घरात कुणी आजारी असो, काही असो, पार्टी उभी राहते. आणि ज्याच्या हाताने नारळ घेतला त्याने पुढे उभं राहायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या वर्षी माघात मी मामाकडे होतो. मामा पेणच्या बाजारात गेला होता. शेजारच्या गावातून एक गृहस्थ भाच्याच्या हळदीचा नारळ घेऊन आले. मामी आतून म्हणाली, "घे रे, तुझ्याच हातात शोभतो. तूच तर वाजवनार." त्या गृहस्थांनीही हसून नारळ पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला. मला त्या क्षणी छान वाटलं होतं, हे कबूल करतो.

पुढे मॅडमच्या सांगण्यावरून मी बाहेरगावच्या विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, आणि एका दुपारी मुलाखतीचं पत्र फोनवर आलं. मी तारीख वाचली. नारळ घेतला होता त्याच हळदीचा दिवस. मुलाखत संध्याकाळपर्यंत चालणार होती आणि तिथून पेणला पोचायला पाच तास. मी पुन्हा वाचली. तारीख तीच.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मामाला सांग." एवढंच. मामाला सांगायला मी तीनदा पेणला गेलो आणि तीनदा नुसतं जेवून परत आलो.

त्याच सुमारास मी बँडच्या इतिहासात एक ओळ वाचली. गिटारवाला गेल्यावर उरलेल्या तिघांनी त्याचा भाग मशीनमध्ये भरून घेतला आणि एक पूर्ण दौरा तसा केला. एवढीच ओळ. मला रस्ता सापडला होता. मी तेव्हा पुढे शोधलं नाही. त्या दौऱ्याचं काय झालं, हे बघण्याइतका धीर मला नव्हता.

मी बेंजो रोह्याला नेला, घराची खिडकी बंद केली आणि धून फोनवर रेकॉर्ड केली. नऊ वेळा चुकलो, दहाव्यांदा स्वच्छ आली. दादाला धाटावच्या नाक्यावर गाठलं. तो डबा हलवत शिफ्टहून येत होता.

"तुझ्या पॅडमध्ये हे घालता येईल?"

त्याने कानाला लावून ऐकलं. "घालता येईल की. का?"

मी सांगितलं. त्याने फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "बापाला कळलं तर मला पॅडसकट खाडीत टाकील."

"एकदा करून बघू. मी असतानाच. रामवाडीच्या हळदीत. मी नुसती बोटं फिरवीन, आवाज पॅडमधून येऊ दे. कुणाला कळलं नाही, तर मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुझ्या जागी कोन बोटं फिरवनार?"

"कुणीही. पुतळा ठेवा."

दादा हसला, पण हो म्हणाला. तो मला नाही म्हणत नाही.

रामवाडीची हळद संध्याकाळी लवकर सुरू झाली. मांडवात गर्दी, मध्ये नाचायला रिंगण. पहिल्या दोन गाण्यांना मी खरंच वाजवलं. मग नवरदेवाचा मामा रिंगणात आला, कमरेला टॉवेल बांधलेला, आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "धून!"

मी बेंजोची स्पीकरकडे जाणारी वायर हळूच काढली. दादाने बटण दाबलं. धून सुरू झाली, अगदी स्वच्छ, मी दहाव्यांदा वाजवली होती तशी. मी बोटं फिरवत होतो. लोक नाचायला लागले. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण हळदीत धून एका लांबीची नसते. मामाने मला सगळ्यात आधी शिकवलं होतं ते हे, की डोळे नाचणाऱ्याच्या पायांवर ठेवायचे. पाय रेंगाळले की तीच ओळ धरून ठेवायची, पाय उचलले की पुढे जायचं, आणि कुणी नवीन माणूस रिंगणात येत असेल तर तो येईपर्यंत थांबायचं. मी आठ वर्षं ते करत होतो, म्हणून ते करतो आहे हेच मला आठवत नव्हतं. ते माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. बंद खिडकीच्या खोलीत पाय कुणाचे असणार?

नवरदेवाच्या मामाने नाचता नाचता नवरदेवाच्या आत्याला बोलावलं. बायका म्हणाल्या, "ऊठ गो, लाजतेस काय!" आत्या पदर खोचत उठली. अशा वेळी धून तिच्यासाठी थांबते. ही थांबली नाही. आत्या रिंगणात पोचली, तिने हात वर केले, आणि त्याच क्षणी धून शेवटचा तोडा घेऊन संपली. एकदम शांतता. आत्याचे हात वरच होते.

कुणीतरी विचारलं, "काय रे, लाईट गेली?"

"लाईट हाय, बेंजोवाला गेला!"

लोक हसले. माझी बोटं अजून बटणांवर फिरत होती. ती थांबवायचंही मला सुचलं नाही. आणि ते सगळ्यांना दिसलं. बोटं फिरतायत आणि आवाज नाही.

मामा आमच्या स्पीकरच्या ट्रॉलीमागून पुढे आला. त्याने खाली पडलेली वायर बघितली. दादाकडे बघितलं. मग खाली वाकून, त्या वाकड्या बोटांनी दोनदा चुकून, तिसऱ्यांदा वायर माझ्या बेंजोत बसवली आणि म्हणाला, "वाजव. बाई उभी हाय."

मी वाजवली. आत्या नाचली. त्यानंतर ती धून आणखी तीनदा झाली, आणि मामा शेवटपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला खाडीच्या बांधावर घेऊन गेला. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. तो पुढे चालत होता आणि मी मागे.

"कवा हाय?" तो न वळता म्हणाला.

"काय?"

"जे काय हाय ते. ज्याच्यापायी पेटीत धून भरलीस."

मी सांगितलं. विद्यापीठ, मुलाखत, तारीख. तारीख सांगितल्यावर तो थांबला.

"तो नारळ तू घेतलास."

"हो."

"मंग मला सांगायचं नाय?"

मी दोन पावलं पुढे होऊन त्याच्या बाजूला आलो. मग विचारलं, "सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

मामाने खरंच विचार केला. "नाय म्हनालो असतो," तो म्हणाला. "तरी पन सांगायचं."

आम्ही परत चालायला लागलो. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तो तुझा ऑस्ट्रेलियावाला, सांगून गेला का?"

"चिठ्ठी ठेवून गेला."

"मेला कुठला. आला का मंग परत?"

"आला. बऱ्याच वर्षांनी."

"घेतला का त्यांनी?"

"घेतला."

"येडीच हायत," मामा म्हणाला. तो जा म्हणाला नाही आणि जाऊ नको असंही म्हणाला नाही. मला वाटलं होतं, एकदा सांगितलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता मामाला माहीत होतं, आणि तरी ठरवायचं मलाच होतं.

त्या आठवड्यात मी बँडच्या ड्रमवाल्याची एक लांब मुलाखत निम्म्या वेगाने ऐकली. मशीनवाल्या दौऱ्याबद्दल तो सविस्तर बोलला होता. ते गाणं आलं की तिघांनी त्या डब्यामागे, म्हणजे मशीनमागे, धावायचं, असं तो सांगत होता. लोक जास्त गायला लागले तरी डबा थांबायचा नाही. एका गावात वीज क्षणभर गेली, डबा बंद पडला आणि तिघे रंगमंचावर उभे राहिले, पुढचं काय वाजवायचं ते न सुचून. त्यानंतर त्यांनी तो डबा कधी लावला नाही, आणि गाणंही कितीतरी वर्षं वाजवलं नाही. लोक येईनासे झाले. ड्रमवाला पुन्हा कारखान्यात लागला. हे सगळं त्या एका ओळीच्या पुढे होतं. मी आधी ऐकायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर ऐकलं असतं तरी मी तेच केलं असतं.

मुलाखतीला मी गेलो. पहाटेच्या एस.टी.ने गेलो. तिथे तीन जण बसले होते. त्यांनी माझा प्रकल्प चाळला. एका सरांनी विचारलं, "तुमचे मामा बेंजो पार्टी चालवतात, असं तुम्ही प्रस्तावनेत एका वाक्यात लिहिलंय. मग अभ्यासाला हा बँड का निवडलात? ती पार्टी का नाही?"

मी तयार केलेली उत्तरं होती. जागतिकीकरण वगैरे. ती आली नाहीत. मी म्हणालो, "सर, वर्गात मला लाज वाटली."

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. चांगलं की वाईट, मला समजलं नाही. बाहेर पडलो तेव्हा उन्हं कलली होती. त्या वेळी तिकडे पेणजवळ ट्रॉली लागली असेल, स्पीकर तपासत असतील. मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणला उतरून थेट मामाकडे गेलो. दाराशीच दादा भेटला, दुसऱ्या शिफ्टला जायच्या तयारीत. मी न विचारताच त्याने सांगितलं. नवरदेवाच्या मामाने धून मागितली, ज्यांनी नारळ दिला होता त्यांनीच. मामा पुढे गेला आणि म्हणाला, नारळ भाच्याने घेतला, तो आज नाय, मी उभा हाय. आणि स्वतः बेंजोवर बसला.

"वाजवली?"

"वाजवली. बोटं बटनांवर जातायत कुठं? अर्धे सूर गेले. लोक मान ठेवून नाचले पहिल्यांदा. दुसऱ्यांदा कोनीतरी फोन जोडून स्पीकरवर डीजेचं गानं लावलं. बापानं वायर काढली आनि ट्रॉलीत जाऊन बसला." दादाने गाडीला किक मारली. "तू जाऊन बस त्याच्यापाशी. बोलू नको काय."

मामा ओटीवर बसला होता. दोन्ही हात मिठाच्या गरम पाण्याच्या घमेल्यात. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. मी त्याच्यासमोर बसलो.

"काय इचारलं?" तो म्हणाला.

मी सरांचा प्रश्न सांगितला आणि माझं उत्तरही सांगितलं. ते सांगताना मला मान वर करता आली नाही. मामाने पाण्यात हात उलटे केले.

"मंग घेतील का?"

"यादी लागायची आहे. नक्की नाही."

"लागली तर किती वर्सं?"

"दोन."

त्याने मान हलवली. तेवढ्यात खाटेवरचा त्याचा फोन वाजला. मामी आत होती. मामाचे हात ओले. त्याने डोळ्यांनी खूण केली, म्हणून मी फोन उचलून त्याच्या कानाला लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं. पुढच्या लग्नसराईला मुलीची हळद, तारीख अजून ठरायची होती, पण धूनवाली पार्टी आत्तापासून धरून ठेवायची होती. नारळ कधी आणू, विचारत होता.

मामाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो मला विचारेल. मी काय सांगणार होतो, ते मला आजही माहीत नाही. यादी लागली नव्हती. तो थांबला असता, तर कदाचित मी म्हणालो असतो, आण नारळ.

"धून नाय मिळायची," मामा फोनमध्ये म्हणाला. "पोरगा शिकाया चाललाय. बाकी सगळं वाजवू."

पलीकडचा आवाज उतरला. मग तो माणूस म्हणाला, "असं व्हय. मंग इचार करून सांगतो."

फोन बंद झाला. मी तो तसाच मामाच्या कानाजवळ धरून होतो. मामाने एक हात पाण्यातून वर काढला, बोटं उघडून बघितली, ती पुरती उघडली नाहीत, आणि हात पुन्हा पाण्यात घातला.

"पानी गार झालं गो," त्याने आत आवाज दिला. मी घमेलं उचलायला उठलो.

"तू बस," मामा म्हणाला.

मी बसलो.